सायन्स न घेतलेल्यांनी भूविज्ञानाचा पहिला कोर्स कसा करायचा

आधी नावाचा घोळ मिटवते. देवनागरीत 'अर्थ सायन्स' टाइप केलं की निम्म्या लोकांना ते अर्थशास्त्र वाटतं, म्हणून खाली सगळीकडे मी सरळ भूविज्ञान म्हणतेय. कॉलेजात इतिहास, भाषा, कॉमर्स असलं काहीतरी मुख्य असलेल्यांना एखादा विज्ञानाचा पेपर करावाच लागतो, आणि फिजिक्स नको, केमिस्ट्री तर नकोच नको, म्हणून बरेच जण हा घेतात. 'दगडांचा सोपा पेपर' अशी त्याची ख्याती. मीही तसाच घेतला होता, मुख्य विषय इतिहास, आणि पहिल्या क्विझमध्ये २० पैकी ७. पुढे त्याच कोर्सच्या लॅबमध्ये दोन वर्षं मदतनीस म्हणून बसले, तेव्हा बाकीची पोरं नेमकी कुठे अडकतात ते समोर बसून बघायला मिळालं. गंमत म्हणजे गणितात अडकणारे कमीच निघाले. जास्त करून लोक दोन जागी अडकतात: डोक्यात आधीपासून बसलेली चुकीची चित्रं, आणि नीट बघायच्या आधीच नाव सांगून मोकळं व्हायची घाई.

पहिला आठवडा: सामान आणि मार्कांची वाटणी

अभ्यासक्रमाचं पत्रक हातात आलं की लॅबला किती मार्क आहेत ते बघा. कित्येक ठिकाणी लॅबचे मार्क चांगलेच असतात आणि ते मिळवायला सगळ्यात सोपे असतात, तरी लोक लेक्चर नीट ऐकतात आणि लॅबला टाइमपास करतात. सामान फार लागत नाही. एक १० पटीचं भिंग, बिनरेघांची वही, पेन्सिल, खोडरबर, पट्टी, साधा कॅल्क्युलेटर. खडकांचे रेडिमेड डबे विकत घेऊ नका, त्यातले नमुने नखाएवढे असतात आणि सगळे सारखेच दिसतात.

भिंग कसं धरायचं हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि मग खडक हळूहळू वर आणायचा, स्पष्ट दिसेपर्यंत. सिनेमातल्या डिटेक्टिव्हसारखं हात लांब करून धरलं तर काही दिसत नाही.

दुसरं काम: डोक्यातली जुनी चित्रं काढून टाकणं

पुस्तक उघडायच्या आधी एका कागदावर चार उत्तरं लिहा, कुठेही न बघता. उन्हाळा-हिवाळा का होतो? चंद्राच्या कला का दिसतात? आपल्या पायाखाली ४०० किलोमीटरवर काय आहे? ओझोनचं भोक आणि पृथ्वीचं तापणं यांचा संबंध काय? कागद जपून ठेवा, सेमिस्टर संपताना वाचायला मजा येते.

ऋतूंचं बघू. 'पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा' हे उत्तर इतकं पक्कं बसलेलं असतं की लेक्चर ऐकूनही परीक्षेत तेच उतरतं. आता आकडे बघा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, साधारण १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे उत्तर गोलार्धात ऐन हिवाळ्यात आपण सूर्याच्या जवळ असतो! खरं कारण आसाचा कल, साधारण २३.४ अंशांचा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदावर सरळ मारा, मग तोच तिरपा करा. प्रकाशाचा डाग पसरतो आणि फिका पडतो. ऊन तिरपं पडलं की जमिनीच्या तेवढ्याच तुकड्याला उष्णता कमी मिळते, शिवाय दिवसही लहान होतो. एवढंच आहे. चंद्राच्या कलांचंही असंच, त्या पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत, सावली पडली तर ते ग्रहण झालं. चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो, त्यातला किती आपल्याला दिसतो एवढाच फरक.

आता पायाखालचं. बहुतेकांच्या डोक्यातलं चित्र असं की वर पातळ साल आणि खाली लालभडक वितळलेला रस, त्यावर खंडं तरंगतायत. हे चित्र चूक आहे, आणि ते गेलं नाही तर ज्वालामुखीपासून प्लेटांपर्यंत (म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे सरकणारे मोठे तुकडे) पुढचं सगळंच चुकत जातं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. वरचं कवच समुद्राखाली साधारण ७ किलोमीटर, खंडांखाली सरासरी ३५-४०, आणि मोठ्या पर्वतरांगांखाली ७० पर्यंत जाडीचं. त्याखाली जवळजवळ २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत मँटल, मराठीत प्रावरण, आणि ते घन आहे. खडक आहे. लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू वाहतं, पण आहे घन. त्याच्याखालचा बाहेरचा गाभा तेवढा द्रव, लोखंड आणि निकेलचा, आणि आतला गाभा पुन्हा घन.

हे कुणी जाऊन बघितलंय का? नाही. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, १९७० ला सुरू केलं आणि १९८९ ला १२,२६२ मीटरवर पोचलं, म्हणजे कवचसुद्धा पार झालं नाही. बाकी सगळं भूकंपाच्या लहरींवरून कळलेलं. पी लहरी घन आणि द्रव दोन्हीतून जातात, एस लहरी फक्त घनातून. एस लहरी प्रावरणातून व्यवस्थित आरपार जातात, म्हणून ते घन. बाहेरच्या गाभ्यापाशी अडतात, म्हणून तो द्रव. आतला घन गाभा इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी १९३६ मध्ये अशाच लहरींच्या नोंदींवरून शोधला. मग प्रावरण घन असेल तर लाव्हा येतो कुठून? तो ठराविक जागीच तयार होतो: जिथे गरम खडक वर येतो आणि त्याच्यावरचा दाब कमी होतो तिथे, किंवा जिथे खाली बुडणारी प्लेट सोबत पाणी घेऊन जाते आणि पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू उतरतो तिथे. 'आत गरम आहे म्हणून वितळतं' एवढंच लिहिलं तर अर्धे मार्क गेले समजा.

चौथा प्रश्न पटकन: ओझोन अतिनील किरण अडवतो, तापमानवाढ कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंनी उष्णता धरून ठेवल्यामुळे होते. दोन वेगळे विषय आहेत, एका वाक्यात घुसडू नका.

तिसरं: मोठे आकडे हातात घेणं

पुस्तकात मिलियन-बिलियन असतं आणि आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. पृथ्वीचं वय ४.५४ बिलियन म्हणजे ४५४ कोटी वर्षं. क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये उल्कापाषाणातल्या शिशावरून काढलेला आकडा ४.५५ होता, म्हणजे तेव्हापासून फारसा हललेला नाही.

पण ४५४ कोटी म्हणजे किती, हे नुसतं वाचून कळत नाही. कागदाच्या पट्ट्या चिकटवून ४ मीटर ५४ सेंटिमीटर लांब पट्टी करा. १ मिलिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. एक टोक आज, दुसरं पृथ्वीचा जन्म. आता आजच्या टोकापासून मोजत जा: साधारण ५४ सेंटिमीटरवर कॅम्ब्रियन सुरू होतो, म्हणजे शिंपले-कवचं असलेले प्राणी जीवाश्मांत मोठ्या प्रमाणात दिसायला लागतात. त्याच्या मागचे जवळजवळ चार मीटर मुख्यतः सूक्ष्मजीवांचे. डायनासोर साधारण २३ सेंटिमीटरवर येतात आणि ६.६ सेंटिमीटरवर संपतात. आणि आपली होमो सेपियन्स जात साधारण ३ लाख वर्षांची, म्हणजे ०.३ मिलिमीटर. मी ही खूण करायला गेले तर ०.५ च्या पेन्सिलीची रेघच जास्त जाड पडली. त्या दिवशी मला पहिल्यांदा विषयाची भीती वाटायची थांबली आणि वेगळंच काहीतरी वाटायला लागलं.

गणित म्हणाल तर भागाकार, गुणोत्तर, एकक बदलणं आणि ग्राफ वाचणं, बस. अर्धायुष्याचं एक गणित हमखास येतं. कार्बन-१४ (कार्बनचा हळूहळू क्षय होणारा प्रकार) चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. अर्धायुष्य एकदा उलटलं की निम्मा उरतो, दुसऱ्यांदा उलटलं की सगळा संपत नाही, निम्म्याचा निम्मा म्हणजे पाव उरतो. नमुन्यात पाव उरला असेल तर वय ११,४६०. साधारण ५०,००० वर्षांनंतर मोजण्याइतका उरतच नाही, म्हणून डायनासोरचं हाड कार्बनने मोजलं असं कुणी उत्तरात लिहिलं की तपासणारा तिथेच लाल पेन काढतो. जुन्या खडकांना युरेनियम वगैरे वापरतात, युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढं, ४४७ कोटी वर्षं.

दुसरं हमखास गणित भूकंपाचं. वीज चमकते आणि गडगडाट मागून येतो, जेवढा उशीर तेवढी वीज लांब पडली, तसंच हे. कवचात पी लहर सेकंदाला ६ किलोमीटर धरा, एस लहर ३.५. भूकंप २१० किलोमीटरवर झाला तर पी येते ३५ व्या सेकंदाला, एस ६० व्या, फरक २५ सेकंद. उलट बाजूने, फरक माहीत असेल तर साधारण ८.४ ने गुणा, अंतर मिळालं. एका स्टेशनवरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही, म्हणून तीन स्टेशनांभोवती कंपासने वर्तुळं काढायची आणि तिन्ही जिथे भेटतात ते केंद्र. ती वर्तुळं एका बिंदूत कधीच नीट भेटत नाहीत, छोटा त्रिकोण राहतो, तो राहू द्या, खोडून जुळवत बसू नका, लॅबवाल्यांना कळतं. आणि मॅग्निट्यूडची एक पायरी वाढली की ऊर्जा साधारण ३२ पट, दोन पायऱ्या म्हणजे हजारेक पट, त्यामुळे ५ आणि ७ मध्ये 'थोडाच फरक' नसतो.

चौथं: खनिजांचा ट्रे. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

टेबलावर पाच पांढुरके नमुने ठेवलेले असतात. ट्रे समोर आला की लोक काय करतात, फोन काढतात, फोटो शोधतात आणि 'हा क्वार्ट्झ' म्हणून मोकळे. पाचही पांढरे, फोटोत पाचही सारखे, आणि क्वार्ट्झ स्वतः पांढरा, जांभळा, गुलाबी, काळपट कसाही असतो. रंग हा सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार. माझा नियम असा होता, आणि मी तो शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे: वहीत चार ओळी वर्णन लिहिल्याशिवाय नाव तोंडातून काढायचं नाही.

एक नमुना घेऊन बघू. हातात घ्या, वजन जोखा. गॅलेना (शिशाचं खनिज) असेल तर हात एकदम खाली जातो, तो पाण्याच्या साडेसात पट जड. आपला पांढरा काही तसा नाही. नखाने ओरखडा. उठला? मग जिप्सम असण्याची शक्यता जास्त, मोह्सच्या मापावर (खनिजांच्या कठीणपणाचा १ ते १० असा तक्ता) २, आणि नख साधारण अडीच. नाही उठला तर काचेची पट्टी घ्या, टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका, दरवर्षी कुणीतरी हातात धरतं आणि बोट कापून घेतं. नमुन्याचा कोपरा काचेवर जोरात ओढा. पांढरी रेघ दिसली म्हणून खूश होऊ नका, बोटाने पुसा. पुसली गेली तर ती खनिजाची भुकटी होती, काचेला काही झालं नाही. राहिली तर खरा ओरखडा. काच साधारण साडेपाच, म्हणजे नमुना त्याहून कठीण, मग उरले दोन, क्वार्ट्झ ७ किंवा फेल्डस्पार ६.

आता या दोघांत निवडायचं तर तुटलेली बाजू बघा. नमुना दिव्याखाली हळूहळू फिरवा. एखादी सपाट बाजू आरशासारखी एकदम चमकली, आणि पुन्हा फिरवल्यावर तिच्याशी जवळजवळ काटकोनात दुसरी चमकली, तर फेल्डस्पार. कुठेच सपाट नाही, जाड काच फुटल्यावर येतात तसे शिंपल्यासारखे वाकडे पृष्ठ, तर क्वार्ट्झ. इथे एक सापळा आहे ज्यात मी स्वतः पडले होते. क्वार्ट्झचा छान सहा बाजूंचा स्फटिक ठेवला होता, सपाट बाजू दिसल्या म्हणून मी 'पाटन आहे' लिहिलं, म्हणजे ठरावीक सपाट पातळीत फुटण्याचा गुण. शून्य. त्या बाजू वाढताना तयार झालेल्या, फुटताना नाही. सैंधवाचा, म्हणजे हॅलाइटचा तुकडा फोडा, छोटे चौकोनी तुकडेच मिळतात, ते पुन्हा फोडा, पुन्हा चौकोनी. ते पाटन.

काचेवर ओरखडा उठलाच नाही तर कॅल्साइट किंवा हॅलाइट. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, कॅल्साइट फसफसतो. थेंब नंतर पुसा, नाहीतर पुढचा माणूस हात घालतो. हॅलाइट चाटून ओळखतात असं पुस्तकात असतं, पण तो तुकडा आजवर किती जणांनी चाटलाय याचा विचार करा आणि चौकोनी पाटनावर भागवा.

धातूसारख्या चमकणाऱ्या खनिजांना रेघ-कसोटी, बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीवर घासायचं. पायराइट दिसतो सोन्यासारखा पण रेघ हिरवट काळी, हेमटाइट चंदेरी असो की मातकट, रेघ तांबूस तपकिरीच. आणि मोह्सचा तक्ता हा फक्त क्रम आहे, १८१२ मध्ये फ्रीडरिक मोह्सने कोण कुणाला ओरखडतो यावरून लावलेला. ९ चा कोरंडम आणि १० चा हिरा यांच्यात 'एकाचा' फरक नाही, खरं मोजमाप केलं तर हिरा कितीतरी पट कठीण निघतो.

खडकांनाही हाच खाक्या. नाव नंतर, आधी तीन प्रश्न: कण दिसतात का? दिसत असतील तर एकमेकांत गुंतलेत की नुसते चिकटवलेत? पट्टे किंवा थर आहेत का? गुंतलेले मोठे स्फटिक म्हणजे सावकाश थंड झालेला ग्रॅनाइटसारखा खडक, कण दिसतच नाहीत आणि काळा जड आहे तर बहुतेक बेसॉल्ट, लाव्हा भराभर थंड झालेला. बोट फिरवल्यावर सॅंडपेपरसारखं खरखरलं आणि कण सुटतायत तर वालुकाश्म. संगमरवर आणि क्वार्ट्झाइट यात नेहमी गोंधळ होतो, दोन्ही साखरेसारखे दाणेदार दिसतात, पण एक आम्लात फसफसतो आणि काचेला हरतो, दुसरा काचेला ओरखडतो. खडकचक्राची आकृती पाठ करताना बाण एकाच दिशेने गोल फिरतात असं समजू नका, ग्रॅनाइट थेट झिजून वाळू होऊ शकतो, रूपांतरित (उष्णता-दाबाने बदललेला) खडक पुन्हा रूपांतरित होऊ शकतो.

पाचवं: समोच्च रेषांचा नकाशा, मूठ आणि बॉलपेन

कंटूरचा नकाशा काहींना दिसतो, काहींना अजिबात दिसत नाही, आणि ज्यांना दिसतो त्यांना न दिसणाऱ्यांचं दुःख कळत नाही. मला दिसायचा नाही. उपाय हा: डाव्या हाताची मूठ करून टेबलावर ठेवा, बॉलपेनने बोटांच्या उंच पेरांभोवती सारख्या उंचीवर एक गोल काढा, मग थोडं खाली दुसरा, मग तिसरा, प्रत्येक गोल टेबलापासून एकाच उंचीवर राहिला पाहिजे. आता मूठ उघडून हात सपाट करा. झाला नकाशा. जिथे उतार उभा होता तिथे रेषा जवळजवळ, जिथे सौम्य तिथे लांब. दोन पेरांमधली खिंडसुद्धा दिसते.

बाकी नियम थोडेच: नदी ओलांडताना रेषा व्ही आकार करतात आणि व्हीचं टोक नदीच्या उगमाकडे असतं. १:५०,००० प्रमाण म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. उतार विचारला तर उंचीतला फरक भागिले अंतर, दोन्ही एकाच एककात, मीटर भागिले किलोमीटर करून विचित्र उत्तर आणणारे दर बॅचला असतात.

सहावं: प्लेट टेक्टॉनिक्स, आपल्यासारख्यांचं होमग्राउंड

इथे सायन्सवाल्यांपेक्षा इतिहासवाले, भाषावाले पुढे जातात, कारण हा सगळा पुराव्यांचा खटला आहे. व्याख्या पाठ करू नका, खटला वाचा. आल्फ्रेड वेगेनर, मुळात हवामानशास्त्रज्ञ, १९१२ मध्ये म्हणाला की खंडं सरकतात. पुरावे चांगले होते: मेसोसॉरस नावाच्या गोड्या पाण्यातल्या छोट्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म दक्षिण अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत, मध्ये अख्खा अटलांटिक, पोहून जाणं शक्य नाही. आज उष्ण असलेल्या भागांत हिमनद्यांच्या जुन्या खुणा. तरी मानलं नाही, कारण सरकवणारी ताकद कोणती याचं पटण्याजोगं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या मोहिमेत वारला, आपलं खरं ठरलेलं न बघताच.

मग १९५० च्या दशकात मेरी थार्पने समुद्रतळाच्या खोलीच्या नोंदी कागदावर उतरवताना अटलांटिकच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक दरी बघितली, जणू तळ मधून फाटतोय. तिचा सहकारी ब्रूस हीझनने आधी ते 'बायकांच्या गप्पा' म्हणून उडवून लावलं, नंतर भूकंपांची केंद्रं त्याच दरीवर पडलेली दिसली तेव्हा गप्प झाला. १९६२ मध्ये हॅरी हेसने तळ पसरतो ही कल्पना मांडली, १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तळाच्या खडकांतले चुंबकीय पट्टे त्या रांगेच्या दोन्ही बाजूंना का आहेत ते सांगितलं: तळ मधोमध तयार होऊन दोन्हीकडे सरकतो आणि पृथ्वीचं चुंबकत्व उलटंसुलटं होतं त्याची नोंद त्यात राहते. लॉरेन्स मॉर्ली या कॅनेडियनने हेच स्वतंत्रपणे लिहिलं होतं, त्याचा लेख छापायला नाकारला गेला. बिचारा.

परीक्षेत 'वेगेनरला विरोध का झाला' असं विचारतात तेव्हा 'लोक मागासलेले होते' लिहू नका. कारण कमी पडलं, हे उत्तर. आणि एक भागाकार स्वतः करून बघा: अटलांटिक साधारण ५,००० किलोमीटर रुंद धरा, वर्षाला २.५ सेंटिमीटर पसरतो धरा. उत्तर २० कोटी वर्षं. खडकांचं वय मोजून अटलांटिक उघडायला लागल्याचा जो काळ मिळतो तोही याच्या जवळपासच आहे. नखं वाढतात त्या वेगाने महासागर तयार होतो, हे पाठ करायची गरजच उरत नाही.

थरांचा क्रम लावायचे प्रश्नही असेच सुटतात. निकोलस स्टेनोचा १६६९ चा नियम, खालचा थर आधीचा; आणि जे कापतं ते कापलेल्यापेक्षा नंतरचं. चित्रात थर, त्यांना कापणारा आडवातिडवा खडक, वर एक झीज झालेली रेषा. गोष्ट शेवटापासून मागे सांगत जा, सगळ्यात शेवटी काय झालं असेल ते आधी शोधा, मग ते मनाने पुसा, मग त्याच्या आधीचं. सुरुवातीपासून लावायला गेलात तर गुंता होतो.

हवा आणि समुद्र

हा भाग सेमिस्टरच्या शेवटी येतो, सगळे दमलेले असतात, शिकवणारेसुद्धा. म्हणून फक्त सापळे सांगते. हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, आर्गॉन जवळजवळ १. कार्बन डायऑक्साइड दर दहा लाखात ४२० च्या वर, तरी परिणाम मोठा, त्यामुळे 'एवढासा वायू काय करणार' हा युक्तिवाद उत्तरात नको. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये मोजायला सुरुवात झाली तेव्हा तो आकडा ३१५ च्या आसपास होता. त्या ग्राफमधला करवतीसारखा वर-खाली आकार झाडांचा, आणि वर चढत जाणारा कल आपला, दोन्ही वेगवेगळे समजावून सांगता आले पाहिजेत. वारे कुठून येतात त्यावरून त्यांचं नाव, समुद्रप्रवाह कुठे जातात त्यावरून त्यांची दिशा सांगतात, यात मी दोनदा मार्क घालवलेत. कोरिऑलिस परिणाम (पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यामुळे होणारा) मोठ्या वाऱ्यांना आणि प्रवाहांना वळवतो, बेसिनमधलं पाणी कुठल्या दिशेने गोल फिरतं ते तो ठरवत नाही, कुणी काहीही व्हिडिओ दाखवो. डोंगरावर दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं. एवढं केलं की बरंचसं झालं.

परीक्षा आणि फील्ड ट्रिप

हायलायटर फिरवत बसण्यापेक्षा कोऱ्या कागदावर सहा आकृत्या न बघता काढा: पृथ्वीचा छेद, तीन प्रकारच्या प्लेटसीमा, ऋतू, जलचक्र, खडकचक्र, थरांचा एक छेद. जिथे पेन्सिल अडते तो तुमचा अभ्यास. फोटो देऊन 'हे काय' विचारलं तर लॅबचाच नियम, आधी जे दिसतं ते लिहा, मग त्यावरून काय वाटतं ते. नाव चुकलं तरी वर्णनाचे मार्क मिळतात, मी तपासायला मदत करायचे तेव्हा कित्येकांना असेच पास होताना बघितलंय.

फील्ड ट्रिपला हातोडा सरांकडे असू द्या, तुम्ही वही सांभाळा. प्रत्येक ठिकाणी तारीख, जागा, तोंड कुठल्या दिशेला होतं, आणि फोटोच्या आधी हाताने एक कच्चं चित्र, कारण चित्र काढताना जे दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही. आणि फोटोत पेन, नाणं, काहीतरी मापाला ठेवा. मी पहिल्या ट्रिपला चाळीस फोटो काढले, पेन फक्त तिघांत होता. रिपोर्ट लिहायला बसले तेव्हा उरलेल्या सदतीस फोटोंमधले थर बोटभर जाडीचे होते की माणसाएवढे, ते मलाच सांगता येईना.